बाप्या जायफळ

"त्या झाडांना कोयता लावू नकोस," सासूबाई मागच्या पायरीवरून म्हणाल्या. "पोटुशी आहेत ती."

मी शिडीवर होते. एका हातात जायफळाची फांदी, दुसऱ्यात कोयता. रेडिओवर सकाळपासून तेच तेच सांगत होते, की वादळ उद्या दुपारपर्यंत बेटावर येणार, छपरं बांधून घ्या, नारळ उतरवून घ्या, झाडांचे शेंडे छाटा. रस्त्यापलीकडे मिस आयव्हीच्या बागेत तिची माणसं तेच करत होती. केळी तर त्यांनी हातभर बुंधा ठेवून सरळ आडव्या केल्या होत्या. कंद जमिनीत राहिला की केळ पुन्हा येते, उभी ठेवली तर मुळासकट जाते. जायफळाचं मूळही वरच्यावर पसरलेलं असतं. डोक्यावरचा पसारा कमी केला नाही तर वारा ते झाड कोथिंबिरीच्या काडीसारखं उपटून टाकतो.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. शेंडे उतरवले तर यंदाचं फळ जाईल, पण झाड राहील, असंही सांगितलं.

"देवाला न्यायची असली तर नेईल तो," त्या म्हणाल्या. "पण फळ धरलेल्या झाडावर माझ्यादेखत लोखंड चालायचं नाही. तुला नाही कळायचं ते."

आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. त्या नेहमी हळूच बोलत, आणि 'तुला नाही कळायचं' म्हणजे काय, ते आम्हा दोघींना बरोबर कळत असे.

श्रीनिवास, माझा नवरा, तिथंच खिडकीवर फळ्या ठोकत होता. तेव्हा मी त्याला अहो म्हणायची आणि त्याच्याबद्दल बोलताना 'हे' म्हणायची. आता एकेरीत बोलते, तेवढी चैन मी स्वतःला करू दिली आहे. त्याच्या तोंडात खिळे होते म्हणून तो काही बोलला नाही. खिळे नसते तरी बोलला नसता. आईसमोर तो कॉलेजातल्या काचेच्या बरणीतल्या नमुन्यांसारखा गप्प असायचा.

मी खाली उतरले. सात झाडांपैकी सहांनी त्या वर्षी पहिल्यांदा फळ धरलं होतं. काळ्या कातळाच्या आडोशाचं सातवं तेवढं रिकामं होतं. त्याला काय हवं ते कर, ते वांझच आहे, अशी परवानगी सासूबाईंनी दिली. मग मी रागानं त्या एकट्या झाडाचा पार सोटा करून ठेवला.

बेटाचं नाव मुद्दाम सांगत नाही. कॅरिबियन समुद्रात ते कुठंतरी आहे एवढं पुरे. तिथल्या मेडिकल कॉलेजात श्रीनिवास शरीररचनाशास्त्र शिकवायचा. मुंबईतली बरी नोकरी सोडून तो एवढ्या लांब का निघाला, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मला वाटलं, माझ्यासाठी. तिथं कुणी हळदीकुंकवाला बोलावणार नाही आणि 'काही विशेष?' म्हणून विचारणार नाही, म्हणून. या एका गोष्टीसाठी मी त्याला मनातून फार मोठा मानत आले होते.

मी श्रीवर्धनची. आमची नारळ-सुपारीची वाडी होती, सुपारीच्या सावलीत जायफळं होती, त्यामुळं बेटावर उतरल्यावर मला परकं असं वाटलंच नाही. अळू होतं, नीरफणस होता, पपनस होतं. माती काळी आणि भुसभुशीत होती, काडी खोचली तरी फुटायची. ती माती उत्तरेच्या ज्वालामुखीची. तिथली माणसं त्याला नुसतंच 'डोंगर' म्हणायची, घरातल्या तापट म्हाताऱ्याविषयी बोलावं तशी, जपून. मिस आयव्हीनं पहिल्याच वर्षी मला जायफळाचं ताजं बी दिलं. ती निवृत्त मुख्याध्यापिका होती, तिची स्वतःची मोठी बाग होती, आणि सगळ्या गल्लीला ती अजूनही वर्गातल्यासारखी ओरडायची. बियांपासून लावलेलं जायफळ नर की मादी, ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही आणि फुलोऱ्याला सहासात वर्षं लागतात. तेवढी वर्षं मी त्या झाडांच्या मागं होते. दुसरं काय होतं मला?

त्या वर्षी डोंगर धुमसायला लागला. आठवड्यातून एकदोनदा राख पडायची, चाळलेल्या नाचणीच्या पिठासारखी. वाळत घातलेले कपडे, दुधाचं पातेलं, पापण्या, सगळीकडे ती असे. पानांवर राख बसली की पानं करपतात, म्हणून मी नाकाला फडकं बांधून पाइपनं झाड न् झाड धूत असे. विमानतळ कधी चालू, कधी बंद. सासूबाई या सगळ्याच्या थोड्या आधी आल्या आणि अडकल्या.

त्या मुलाला भेटायला आल्या होत्या असं म्हणायचं. खरं कारण त्यांनी मला आल्या आठवड्यातच माठाची भाजी निवडताना सांगून टाकलं. त्या वाईच्या. तिथं त्यांच्या माहेरच्या नात्यात सुनेत्रा नावाची एक मुलगी होती, पंचविशीची, बापाविना वाढलेली, गरीब गाय. मी त्यांच्याबरोबर परत जायचं, श्रीवर्धनला विश्रांतीसाठी म्हणून राहायचं, आणि मग राजीखुशीनं कागदावर सही करायची. "माझा तुझ्यावर राग नाही, कुमुद," त्या म्हणाल्या. "पण आपणहून बाजूला झालीस तर सगळ्यांचीच शोभा राहील." मी श्रीनिवासला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. तो म्हणाला, "बघू." मी छत्तीस वर्षांची होते आणि माझ्या संसाराचं तो बघणार होता.

मुंबईत माझ्या सगळ्या तपासण्या झालेल्या होत्या. नळ्यांत हवा सोडून पाहिलं, पिशवी खरवडून पाहिली, पोटाला भोक पाडून दुर्बिणीतून पाहिलं. दर वेळी सगळं ठीक निघायचं, आणि दर वेळी सासूबाई म्हणायच्या की मग डॉक्टर बदला. सोळा सोमवार झाले, नरसोबाची वाडी झाली, कुणी सांगितलं म्हणून सहा महिने आंबट सोडून झालं. श्रीनिवासनं स्वतःचं फाटककडून तपासून घेतलं होतं. फाटक त्याचा वर्गमित्र, परळला त्याची लॅबोरेटरी होती. माझं ठीक आहे, असं श्रीनिवास म्हणाला. डॉक्टर माणसानं स्वतःबद्दल तसं सांगितल्यावर पुढं कोण काय विचारणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. घराला आतून एक सिमेंटच्या छताची न्हाणी होती, तिथं आम्ही तिघं पाण्याच्या बादल्यांच्या मध्ये अंग चोरून बसलो. बाहेरचा आवाज वाऱ्याचा वाटतच नव्हता, शेजारून मालगाडी जात राहावी आणि संपूच नये असा तो होता. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या आणि शब्द चुकले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होत्या. मध्ये स्वयंपाकघराचे पत्रे उडाल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. भीतीनंच धरला, पण मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला त्यांची दयाच आली.

वारा पडल्यावर बाहेर आलो तर राख आणि पाऊस मिळून सगळीकडे सिमेंटच्या गाऱ्यासारखा चिखल झालेला. सहाच्या सहा जायफळं आडवी पडली होती. मुळांचे गड्डे वर, आणि फांद्यांना ती हिरवी, लहान पेरूएवढी फळं तशीच लगडलेली. कातळाच्या कुशीतला सोटा तेवढा उभा होता. त्याच्यात वाऱ्यानं धरावं असं मी काही ठेवलंच नव्हतं.

मी एका आडव्या खोडावर बसून रडले. कुणी मेल्यावर रडतात तशी, तोंड न झाकता. सासूबाई पदर नाकाला लावून पायरीवर उभ्या होत्या. "धरलेली गेली आणि हेच मागं राहिलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या शब्दाखातर मी कोयता खाली ठेवला होता, हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

मिस आयव्ही आली ती डोक्यावरचं अर्धं छप्पर गमावून, तरी तिचा तोरा कायम होता. झाडं पाहून ती माझ्यावरच ओरडली. शेंडे का नाही उतरवले? मी तिला इंग्रजीत सांगितलं की माझ्या सासूबाईंच्या मते ती गरोदर होती.

मिस आयव्हीनं सासूबाईंकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग बाळंतपण कोण करणार होतं?" ती म्हणाली. "वारा?"

काय म्हणते ती, म्हणून सासूबाईंनी विचारलं. फार वाईट झालं म्हणते, असं मी सांगितलं.

विमानतळ बंदच होता. वादळाचा चिखल उपसून होतोय तोवर डोंगरानं पुन्हा राख सोडली. वीज नाही, पाणी टँकरचं. सासूबाई दिवसभर मागच्या पायरीवर बसून त्या एका झाडाकडे बघायच्या. एवढ्यात त्या छाटलेल्या सोट्याला बारीक तांबूस फुटवे आले. तेव्हा त्यांनी ठरवलं की देवानं हे एकच ठेवलंय ते उगीच नाही.

फळ न धरणाऱ्या झाडाला धाक घालायची आपल्याकडे एक रीत आहे. एकानं कोयता घेऊन जायचं आणि म्हणायचं, हे झाड फळत नाही, तोडून टाकतो. दुसऱ्यानं आडवं येऊन हात जोडायचे, नका तोडू, पुढल्या वर्षी फळेल. असं तीनदा. मग झाड घाबरतं आणि फळतं. सासूबाईंच्या माहेरी एका फणसाला असा धाक घातला होता, तर पुढच्या वर्षी त्याच्या बुंध्याला जमिनीलगत फणस लागले होते म्हणे. इथं कोयता श्रीनिवासनं धरायचा होता आणि हात मी जोडायचे होते.

मी नाही म्हणाले. ते झाड नर आहे, असल्या गोष्टीनं काही होत नसतं, हेही म्हणणार होते, पण तेवढ्यात सासूबाईंनी मला जवळ बसवून घेतलं. "एवढं माझ्या मनासारखं कर," त्या म्हणाल्या. "झाड धरलं तर घरही धरेल, असा मी मनात कौल लावलाय. तू हे केलंस तर वाईचा विषय मी वर्षभर काढणार नाही. तुझ्या गळ्याची शपथ."

श्रीनिवासला विचारलं, तर म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, आईचं समाधान होईल. एक वर्ष. मी मनात हिशेब केला. एका वर्षात माणसाचं मन बदलू शकतं, त्यांचं नाही तर निदान त्याचं. माझं घर मला एक वर्षभर राहणार होतं, त्यासाठी एका झाडापुढं हात जोडायला माझं काय जात होतं? मी हो म्हणाले.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं मागं गेलो. सासूबाईंनी बुंध्याला हळदकुंकू लावलं, वादळात पडलेल्या नारळांतला एक फोडला. हलकी राख पडत होती, कुंकवावर बसत होती. श्रीनिवास पायजमा वर खोचून कोयता घेऊन उभा राहिला. शाळेच्या नाटकात मारून मुटकून उभं केलेल्या मुलासारखं त्याचं तोंड झालं होतं.

"हे झाड फळत नाही," तो पुटपुटला. "तोडून टाकतो."

"मोठ्यानं म्हण, त्याला ऐकू जायला हवं," सासूबाई म्हणाल्या.

तो मोठ्यानं म्हणाला. मी हात जोडले आणि सांगितलेलं सगळं नीट म्हटलं. नका तोडू, पुढल्या वर्षी फळेल.

दुसऱ्यांदा त्यानं कोयता सालीला टेकवला. मी पुन्हा तेच म्हणाले, पण या वेळी माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या झाडाकडे बघतच नव्हत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते, एक हात पुढं करून तो त्यांनी माझ्या पोटापाशी, पदराला लागेल न लागेल असा धरला होता, आणि माझ्याबरोबर त्यांचेही ओठ हलत होते. पुढल्या वर्षी फळेल. धाक झाडाला नव्हताच. कोयता मला दाखवला जात होता आणि हात माझ्याकडूनच जोडून घेतले जात होते.

"हे झाड फळत नाही," तिसऱ्यांदा श्रीनिवास म्हणाला. "तोडून टाकतो."

"तोडा," मी म्हणाले.

सासूबाईंना वाटलं मी शब्द चुकले. नका तोडू म्हण, असं त्यांनी हळूच सांगितलं.

"नाही. तोडा. बाप्या आहे हा." आमच्या वाडीत बाबा नर झाडाला बाप्या म्हणायचे, तोच शब्द तोंडात आला. "याच्यातच नाही तर माझ्या हात जोडण्यानं कुठून येणार? आणि वांझ म्हणून नाव बाईला ठेवायचं. मला पहिल्यापासून माहीत होतं. बोलले नाही एवढंच."

मी झाडाबद्दल बोलत होते. फुलं घोसानं आली तेव्हाच मला ते नर असल्याचं कळलं होतं. मादीला फूल एखाददुसरंच येतं आणि त्याच्या पोटात बारीक गाठ असते. एवढंच मला म्हणायचं होतं, थोडं रागानं, पण एवढंच.

श्रीनिवासचा चेहरा राखेसारखा झाला. "तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला. "फाटक बोलला?"

मला आधी काही संदर्भच लागेना. फाटकला जायफळातलं काय कळतं, असं वेड्यासारखं माझ्या मनात आलं. मग मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं एकदम समजलं.

"काय बोलला फाटक?" मी विचारलं.

त्याला चूक उमगली, पण शब्द तर निघून गेला होता. त्यानं कोयता जपून खाली ठेवला आणि आडव्या खोडावर बसला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"म्हणजे माझ्या पोटाला भोक पाडलं, त्याच्या आधी."

त्यानं मान हलवली. दर वेळी सांगणार होतो, म्हणाला. दर वेळी. आणि मला आठवलं, भूल उतरत असताना हाच माझा हात धरून बसला होता आणि वॉर्डातल्या नर्सा म्हणत होत्या, नवरा असावा तर असा. बेटावर यायला निघाला तेही माझ्यासाठी नव्हतं. मुंबईत फाटक होता, म्हणून.

सासूबाई अजून फाटक कोण तेच विचारत होत्या. मग त्यानं आईला सांगितलं, खाली बघून, अगदी डॉक्टरी भाषेत. शेवटी म्हणाला, मला पंधराव्या वर्षी गालगुंड झाले होते, ते खाली उतरून वृषणं सुजली होती, आठवतं? सासूबाईंना आठवत होतं. त्यांनीच पंधरा दिवस लेप लावले होते. "म्हणजे ते तेव्हाचं होय," त्या म्हणाल्या, आणि पायरीवर जाऊन बसल्या.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि त्या रागाच्या खाली आनंद झाला. इतकी वर्षं मी माझ्या अंगावर चोरासारखी पाळत ठेवून होते, आणि त्या अंगानं कधी काही केलंच नव्हतं.

सासूबाई उठल्या. त्यांनी माझ्याजवळ येऊन माझ्या केसांवरची राख झटकली, पदरानं माझं तोंड पुसलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला इतक्या मायेनं कधी हात लावला नव्हता.

"कुमुद, हे इथंच राहू दे," त्या म्हणाल्या. "पुरुषाच्या अब्रूचं आहे. बाहेर गेलं तर त्याला तोंड काढायला जागा राहणार नाही. तुझं काय, तुझं तर सगळ्यांना माहीतच आहे."

मी श्रीनिवासकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी तो काही म्हणेल. तो बोटानं खोडावरची राख पुसत होता.

त्याच दुपारी मी एक पिशवी भरून रस्त्यापलीकडे गेले.  ज्या खोलीवर छप्पर शिल्लक होतं ती मिस आयव्हीनं मला दिली आणि स्वतः ताडपत्रीखाली झोपली. श्रीनिवास रोज संध्याकाळी तिच्या बागेच्या दाराशी यायचा. एकदा म्हणाला, तू थांब, आईला मी पाठवून देतो, आपण पूर्वीसारखे राहू. मी म्हणाले, राहते. फक्त तुमच्या काकांना, माझ्या आईवडिलांना, त्या वाईच्या लोकांना खरं काय ते सांगा. तुमच्या तोंडानं.

तो बराच वेळ दाराची कडी वरखाली करत राहिला. "बघू," म्हणाला.

शेजारच्या बेटाला जाणारी पहिली बोट सुटली, तिच्यातून मी निघाले. विमान तिथून पकडलं.

श्रीवर्धनला आल्यावर मी माझ्या आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आता म्हणतेस होय? इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस ती." बाबा वाडीत निघून गेले. बहिणीच्या यजमानांनी मला समजावलं की असले आरोप करून कोर्टात काही निष्पन्न होत नाही, उलट आपलीच नाचक्की. टाकलेली बाई आणखी काय सांगणार, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही इतकंच. माझ्याआधीच वाईहून गावात त्यांच्या बाजूची हकीकत पोहोचली होती. मी सांगत गेले तसतशी लोकांच्या चेहऱ्यावर दया यायला लागली, म्हणून मग मी सांगणंच बंद केलं. कागद आले, त्यांवर मी सही केली. त्या वर्षीच श्रीनिवासचं सुनेत्राशी लग्न झालं आणि तो भारतात परतला, पुण्याला.

आई गेली, बाबा गेले, वाडी मी बघायला लागले. चारपाच वर्षांनी, श्रावणात, एक बाई वाडीच्या बेड्याचे आडवे बांबू सरकवून आत आली. हरिहरेश्वरला दर्शनाला आलेली मंडळी एसटी स्टँडवर थांबली होती, ती एकटीच विचारत विचारत माझ्याकडे आली होती. तिशीची असेल. हातात गंडेदोरे, गालाची हाडं वर आलेली.

"मी सुनेत्रा," ती म्हणाली. "ताई, रागावू नका. एक विचारायचं होतं. तुम्ही कुठले कुठले उपास केले होते? आई म्हणतात, तुमच्या वेळचे पुन्हा करायला नकोत, त्यांचा गुण येत नाही."

मी तिला ओटीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. फाटकचं, गालगुंडाचं, त्या सकाळी मागच्या अंगणात कोण काय बोललं ते. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं तितकं नीट सांगितलं, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. तुझ्यात काही खोट नाही, म्हटलं. पोटाला भोक पाडून घेऊ नकोस. उपास सोड, पोटभर जेव. त्याला सांग, पुण्यात कुठंही तपासून घेऊ, माझ्यासमोर. मान खाली घालून ती ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलंय असं मला वाटलं, आणि वाटलं, सुटली पोरगी. मी उठून आत गेले, तिच्यासाठी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आले.

ती उभी राहिली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता.

"आई म्हणाल्याच होत्या," ती म्हणाली, "तुम्ही हेच सांगाल म्हणून."

तांब्याला तिनं हात लावला नाही. वांझेच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, असं तिला सांगून पाठवलेलं असावं.